बाबांच्या सीडीवरचं कुंकू

आई,

प्लेअर बिघडलेला नाही. दसऱ्याला तू त्याच्यासोबत बाबांच्या आवाजाच्या सीडीलाही हळदकुंकू वाहिलंस आणि मग पदराने गोल गोल पुसलंस. त्याने सीडीवर चरे पडलेत. बाबांचा एवढा भारी प्लेअर, पण चरा आला की तिथेच अडतो. मी लेन्स पुसली, सीडी मधून कडेकडे पुसली, उपयोग नाही. धवलमामाचा साधा प्लेअर कदाचित वाजवेल, म्हणून ती घेऊन सटाण्याला जातोय. स्वतःला बोल लावत बसू नकोस, जेवून घे.

बाबा जिथे अडतात, तिथून पुढचं वाक्य तू रोज स्वयंपाकघरातून पूर्ण करतेस. मी ऐकलंय. तेवढं मोबाईलमध्ये बोलून ठेव. सीडी नाहीच वाजली, तर बाबांचं बोलणं तुझ्या आवाजात तरी राहील.

विश्वेश