जीपची पायरी

लातूर, रविवार, संध्याकाळ

रेणापूरहून आत्ताच आलो. वाटेत जीप प्रत्येक खड्ड्याला डावीकडं ओढत होती. घरी येऊन खाली वाकून पाहिलं आणि डोकंच फिरलं. महेशनं नांदेडात स्प्रिंगला जादा पाटे टाकून गाडी वीतभर उचलली, पण स्टेअरिंगचा दांडा होता तसाच ठेवला. तो आता तिरपा झालाय. मग ओढणार नाही तर काय?

महेश म्हणाला, "बाबा, उद्याच्या मिरवणुकीत आपल्या क्लासची पोरं गाडीवर लांबून दिसाया पाहिजेत. आणि पाटे तसेही कमीच होते की."

कमी होते! भूकंपात महेशच्या आईची कंबर मोडली, तेव्हा हिला दवाखान्याला नेताना हिसके बसू नयेत म्हणून मीच काढले होते. पायरीही खाली घेतली होती. महेश तेव्हा पाळण्यात. त्याला कुठलं ठाऊक?

दांडा उद्या नीट करता येईल. पण पायरी?

मघाशी तो आईला म्हणाला, "उद्या पुढं तूच बस." हिनं दांडीला धरून पाय उचलला, पायरीपर्यंत पोचेना, तसाच खाली ठेवला. मग हसून म्हणाली, "लई झाक दिसायली रे गाडी. मी आपली गॅलरीतूनच बघते."