करंजासाठी दोनशे खड्डे

जरीपटका, नागपूर
२६ मे

प्रिय मिनल,

तुझा निरोप मी तुझ्या बाबांना सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही. विमानाचं इंधन करणाऱ्या तुमच्या कंपनीने तेलासाठी करंज लावायचा बेत सोडला, हे तुला सोमवारी कळलं आणि मंगळवारी तुझा मेसेज, ‘आत्या, नरखेडला जाऊन बाबांना नीट समजाव, संत्र्याची बाग मोडू नका म्हणावं.’ वा! तीन वर्षं परदेशातल्या ऑफिसात बसून झाडांच्या तेलावर विमानं उडवलीस तू, आणि उतरवायची मी?

तुझ्यावर ओरडायचा मला हक्क नाही. तरी ओरडते. वीस वर्षांपूर्वी मी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी शहाणी बाई, एका परिसंवादाला जाऊन आले आणि भावाला मोगली एरंड लावायला लावलं. बियांपासून डिझेल होणार होतं! रुपरावने दोन एकर लावला. बियांची पोती भरली, घ्यायला कोणी फिरकलं नाही. पानांना शेळ्यासुद्धा तोंड लावेनात. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मी गप्प बसले असते आणि तुला लहानपणी त्या तेलाच्या गोष्टी सांगून भलत्या नादाला लावलं नसतं.

दिवाळीत तू बाबांना फोनवर म्हणालीस, कंपनी कदाचित आपल्याच भागात रोपं देऊन करंजाचं बी घेईल. तुझं ते ‘कदाचित’ त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मार्चमध्ये मला म्हणाला, “बाई, बागेचं पाणी बंद केलं.” मला वाटलं, मृग बहारासाठी ताण देतोय. झाडं तहानेली ठेवायची, पाऊस आला की फुलतात, सगळेच करतात. थोडं लवकर वाटलं, पण मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. शेतकऱ्याची मुलगी ना मी!

काल नरखेडला गेले. बाग नाही, मिनल. अकरा वर्षांची, ऐन भरातली दोनशे झाडं तोडून बांधावर रचलीत. वाळलेलं झाड ओढून रचायला हलकं पडतं, म्हणून पाणी बंद होतं. मोकळ्या रानात ओळीने खड्डे, शेणखत घालून तयार. “काहून तोडली गा?” मी किंचाळले. तर हसला. “आपल्या पोरीचं इमान आपल्याच तेलावर उडन, बाई. संत्र्याचं काय घेऊन बसली?” मग चहा केला आणि विचारलं, कंपनीची रोपं कधी येतील. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, कुणाच्याही तोंडावर खरं बोलणारी मी म्हणाले, “मिनलला विचारून कळवते.” त्यासाठी हे पत्र. फोनवर सांगू नकोस त्याला. ये. मिळेल त्या विमानाने, कसल्याही तेलावर उडणाऱ्या, ये आणि त्या खड्ड्यांपाशी उभी राहून तूच सांग. मी शेजारी उभी राहीन. माझा काही उपयोग होणार नाही.

तुझीच, तुझ्याइतकीच दोषी,
कामिनी आत्या