अकरा जुलैच्या आत

१४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.
घरी सगळं ठीक आहे, फक्त भर दुपारी मीही घरीच आहे. आमच्या कापड कारखान्यात नवे साहेब आले. उभं राहून तपासलं की नजर तेज राहते, असा शोध लावून त्यांनी आम्हा तपासनीस बायकांची स्टुलं उचलली. माझा उजवा पाय लहानपणापासून कसा आहे, ते तुला ठाऊकच. मी स्टूल मागितलं, तर परवा हातात कागद पडला : कामास शारीरिकदृष्ट्या अपात्र. सोळा वर्षं मी काय पायांनी कापड तपासत होते? साहेब मात्र गोड बोलले. आतल्या समितीकडे अर्ज द्या म्हणाले, बाहेर कशाला धावपळ करता. वहिनींना नमस्कार.
तुझी धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.
तीस वर्षं कचेरीच्या खिडकीत बसून मी लोकांचे अर्ज उशिरा आले म्हणून परत केले. म्हणून भाऊ नव्हे, कारकून सांगतोय असं समज. बाहेरच्या आयोगाकडे दाद मागायला एकशे ऐंशी दिवस मिळतात, आणि ते बारा तारखेला कागद हाती पडला तेव्हापासून मोजतात. समिती बसो, उठो, आडवी होवो, मुदत थांबत नाही. शेवटचा दिवस अकरा जुलै. समितीकडे खुशाल जा, पण आयोगाकडे आधी जा.
तुझा दादा

३० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.
रागावू नकोस, आयोगाकडे अजून गेले नाही. वाटलं, घरचं भांडण घरातच मिटेल. समितीच्या चार बैठका झाल्या. माणसाला बसण्याची खरोखर गरज असते का, यावर पाच जण गुबगुबीत खुर्च्यांत बसून तीन तास बोलले. मी दाराशी उभी. मग स्टुलाची उंची ठरवायला उपसमिती नेमली, तिचे एक सभासद रजेवर गेले. साहेब म्हणतात, पंधरा जुलैला निकाल नक्की, तोही तुमच्याच बाजूनं. तोवर बाहेर गेलात तर समितीचं मन दुखावेल.
तुझी धाकटी

३ जुलै

धाकटे,
पंधरा तारीख त्यानं कॅलेंडर बघूनच काढली आहे. समितीचं मन दुखलं तर मी येऊन शेक देईन. पत्र मिळताच आयोगात जा. पोचेवर तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.
दादा

१८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.
दहा तारखेला गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अर्ज ठेवून जा, शिक्का सोमवारी मारू. मी हललेच नाही, मागच्या रांगेनं माझा उद्धार केला, पण शिक्का पडला. पंधराला समितीचं पत्र आलं. मागणी नामंजूर. समाधान नसल्यास आयोगाकडे जावे, परंतु तिथली मुदत संपल्याबद्दल समितीला मनापासून वाईट वाटते. मी पोचेची प्रत पाठवून दिली. साहेब दुसऱ्याच दिवशी घरी आले आणि मी बसा म्हणायच्या आत खुर्चीत बसले.
तुझी धाकटी

२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.
आयोगाचा निकाल लागला. सोमवारपासून कामावर आहे, बसून. सगळ्याच बायकांची स्टुलं परत आली. आज पॅकिंगमधली एक जण जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिचा एक हात अधू. तिलाही असाच कागद देऊन समितीचा निकाल येईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि ती शहाण्यासारखी थांबली. कागदावरची तारीख मी चार वेळा वाचली, बोटांवर महिने मोजले. मुदत संपून नऊ दिवस झालेत. तिला अजून काही बोलले नाही. उशिरा आलेला एखादा तरी अर्ज तू कधी घेतला होतास का, आणि त्यात काय लिहिलेलं होतं, ते आठवून लगेच कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी