हप्त्याची तालीम

आई, वरच्या खोल्यांच्या जिन्याला परवा नवा रंग दिला. रंगाऱ्यानं जुना रंग खरवडला तेव्हा खालून तो तुझा हिरवा निघाला. तू स्वतः उन्हात उभी राहून लावून घेतलेला. रंगारी म्हणाला, "हा काऊन एवढा पक्का हाय जी?" मग वाटलं, तुलाच लिहावं. तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, कारण तू असताना पत्र लिहावं इतकी लांब मी या घरापासून कधी गेलेच नाही.

नालवाडीचं हे घर बाबांनी घेतलं तेव्हा मागच्या बाजूला नुसती तुरीची शेतं होती. बाबा वर्ध्याच्या सरकारी कचेरीत कारकून. पतसंस्थेचं कर्ज काढून घर घेतलं, आणि नव्वदीच्या दशकातलं ते व्याज म्हणजे घरात न दिसणारा एक खाणारा माणूसच होता. त्याचं ताट आधी वाढायचं, मग आपलं. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी बाबांनी घराचे कागद बुद्धमूर्तीसमोर ठेवले, आपण सगळ्यांनी वंदना म्हटली, आणि बाबा भिंतीला पाठ टेकून म्हणाले, "आता मेलो त आपल्या घरात मरन." इतका निवांत चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. आणि दोनच वर्षांनी तू त्यांना सांगितलंस की हे घर पुन्हा गहाण ठेवायचं आहे.

ती सकाळ मला अजून दिसते. तू ओट्यापाशी उभी आहेस, कॉलेजच्या मुलींचे डबे रांगेत उघडे पडलेत, आणि तू भाजी भरता भरता, जणू मीठ संपलंय असं सांगावं तशी, बोलते आहेस. डब्याच्या मुली राहायला खोल्या शोधत फिरतात, आपण वर पाच खोल्या काढू. व्याज बाबांच्या वेळेपेक्षा निम्म्यावर आलंय. ज्या बँकेत पूर्वी कुणी बस म्हणत नव्हतं, तिथं आता चहा पाजतात.

"चहा पाजते म्हून घर देतं का त्याहिले?" बाबा म्हणाले. "आज उतरलं व्याज, उद्या चढन. तवा काय करशीन?"

"चढनच," तू म्हणालीस. "म्हून त तुम्ही भरलं तेवढंच व्याज हाय असं धरू. अन् खोल्या रिकाम्या हायेत असं धरू. एवढ्यावर जो हप्ता निघन तो मी एक वर्स पोस्टात भरून दाखवते. कर्ज न काढता. जमलं त सही करा, नाई त विषय बंद."

बाबा म्हणाले, "एकबी हप्ता चुकला त नाई." घर त्यांच्या नावावर होतं, सही त्यांचीच लागणार होती.

कर्ज काढणारे खूप पाहिले, आई. मिळतंय म्हणून काढणारे, शेजाऱ्यानं काढलं म्हणून काढणारे. पण कर्जाची तालीम करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. नाटकवाले करतात तशी. प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही, पण संवाद खरेच म्हणायचे. लोक तुला धाडसी म्हणायचे, आणि तू हसायचीस. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. तुला पडायची भीती होती, म्हणून तू आधी जमिनीवरच पडून पाहिलंस, किती लागतं ते.

अर्थात ते लागणं आमच्याही वाट्याला आलं. डब्यातल्या जेवणाला तू हात लावला नाहीस, सगळी काटकसर घरच्या ताटात. डब्यात पाटवडी जायची, आमच्या ताटात तिचा नुसता रस्सा. एकदा मी एक वडी मागितली तर तू डब्याचं झाकण लावून म्हणालीस, "ते विकलेलं हाय." मी नववीत होते. त्याच वर्षी शाळेची सहल होती, चिखलदऱ्याला. वर्गातल्या सगळ्याजणी गेल्या. तू मला म्हणालीस, "पुढच्या वर्साले जाजो," आणि पुढच्या वर्षी सहल निघालीच नाही. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू बोलत राहिलीस, जेवायला हाक मारत राहिलीस, पण पैसे काही काढले नाहीस.

आणि मग अल्लीपूरचं लग्न आलं. मामाची थोरली मुलगी. तू तिची आत्या, म्हणजे आत्याचा आहेर. आपल्याकडे आहेर काय गुपचूप देता येतो? मंडपात माइक घेऊन एक माणूस बसलेला, नाव पुकारायचा, नात्यासकट, रकमेसकट, आणि ते भोंग्यातून अख्ख्या गावाला ऐकू जायचं. तुझ्या धाकट्या बहिणीचं नाव आधी आलं, रकमेसकट. तू पदराची गाठ सोडलीस. पुढच्या दोन दिवसांत पोस्टात भरायचे ठेवलेले पैसे होते ते. मी तुझ्या शेजारीच बसले होते. भोंग्यातून तुझं नाव आलं, बहिणीपेक्षा मोठ्या आकड्यासकट, आणि तुझी मान ताठ झाली. खरं सांगते आई, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला होता. माझ्या सहलीला नव्हते आणि भोंग्याला होते.

घरी आल्यावर तू दुसऱ्याच दिवशी, बाबा कचेरीला निघाले असताना, दारातच सांगितलंस. "या महिन्याचा हप्ता नाई भरला. आहेरात गेले." सबब दिली नाहीस. भावाची इज्जत, माहेरचं नाक, काही नाही. बाबा चप्पल घालत होते. खालीच पाहत म्हणाले, "मले माहीत हाय. भोंगा मलेबी ऐकू येते." मग चप्पल नीट करून उभे राहिले. "तू सांगतं का नाई, तेच पाहून राह्यलो होतो. आण कागद. सही करतो."

माझ्यासारखीनं त्याच संध्याकाळी बँक गाठली असती. तू म्हणालीस, "आता नाई. वर्स पुन्हा पहिल्यापासून." बाबा म्हणाले, "अवं, मी करतो म्हणून राह्यलो ना." तू म्हणालीस, "तुमाले पटलं. मले नाई पटलं अजून." आणि खरंच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. तोवर व्याज चढलं तर? बाबांनी हेही विचारलं. तू म्हणालीस, चढलं तर चढलं, तालीम चढलेल्या व्याजाचीच आहे. तुझ्यावरचा माझा राग तेव्हा पूर्ण गेला असं नाही, पण तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण मला ते आठवायला आवडतं. बाबांनी सही केली. खोल्या झाल्या, हिरवा जिना झाला, मुली आल्या. वरून त्यांच्या हसण्याचा आवाज यायला लागला आणि बाबा कुरकुरत का होईना, त्यांच्यासाठी रात्री फाटकाला कुलूप लावायला थांबायचे. मग व्याज चढायला लागलं. बँकेची पत्रं यायची, हप्ता वाढायचा. एका वर्षी कॉलेजचं नवं वसतिगृह झालं आणि आपल्या तीन खोल्या रिकाम्या पडल्या. मागच्या गल्लीत आपल्याबरोबरच कर्ज काढून मजला चढवलेल्या कुटुंबाला घर विकून सिंदीला परतावं लागलं. त्यांचं सामान निघालं त्या सकाळी तू त्यांना डबा भरून दिलास, आणि घरी येऊन म्हणालीस, "आपलं नशीब बी होतं, एवढं इसरू नोको." पण आपला हप्ता वाढून वाढून तालमीच्या आकड्याच्या खालीच थांबला. जे कमी पडलं ते पोस्टातल्या पैशांनी भरलं. त्या महिन्यांतही आमच्या ताटात पाटवडी होती. मी मुद्दाम पाहिलं होतं.

शेवटचा हप्ता तू पाहिला नाहीस. तो बाबांनी भरला, आणि कागद मूर्तीसमोर ठेवल्यावर वंदना मधेच थांबवून बाहेर निघून गेले.

आता ऐक. व्याज पुन्हा उतरलंय. मला वर्ध्यात माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी गाळा घ्यायचा आहे, आणि त्यासाठी हेच घर गहाण ठेवायचं आहे. घर अजून बाबांच्या नावावर आहे. मी विचारलं तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुह्या मायसारखं एक वर्स भरून दाखव." तेव्हापासून मी दर महिन्याला बाजूला काढते, चढलेल्या व्याजानं, गाळ्यात एकही पेशंट नाही असं धरून. दर महिन्याला बाबा चष्म्यावरून पाहतात आणि विचारतात, "भरला काय वं?" मी म्हणते, भरला.

या महिन्यातही मी तेच म्हणाले. पण नाही भरला, आई. तुझी नात नववीत आहे. तिच्या शाळेची सहल निघाली, चिखलदऱ्याला, आणि मला तिला पुढच्या वर्षी जा म्हणता आलं नाही. त्या पैशांचा पश्चात्ताप मला होत नाही. मी "भरला" म्हणाले, त्याचा होतो. बाबा फक्त "हं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. आज सकाळीच पोरीनं सहलीचे फोटो त्यांना शेजारी बसून दाखवलेत. ते बाहेर चप्पल घालताहेत. मी उठते आता.