धनेशाच्या ढोलीपायी माफीनामा न देण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय, ता. मावळ, जि. पुणे

विषय : माफीनामा लिहून देण्यास नकार, व मौजे औंढे येथील बेहड्याचे झाड तोडण्यास तातडीने मनाई मिळणेबाबत.

संदर्भ : १) हरितसाद रिसॉर्ट्स प्रा. लि. यांची अर्जदाराविरुद्धची तक्रार.
२) सदर तक्रारीवर म्हणणे मांडण्याविषयी आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार श्रीमती भामाबाई कैलास मालपोटे, रा. औंढे, यांचे म्हणणे त्यांच्या सांगण्यावरून सविनय सादर करण्यात येत आहे. अर्जदाराला सही येते, परंतु लांबलचक लिहिणे जमत नाही, म्हणून मजकूर सुनेने लिहिला आहे. सुनेने कोणताही शब्द मऊ केलेला नाही.

१. कंपनीची तक्रार अशी की, अर्जदाराने कंपनीच्या जागेत विनापरवाना प्रवेश केला, कामगारांना चिथावले आणि 'जैवविविधता संवर्धनाच्या उपक्रमास' बाधा आणली. पहिली गोष्ट मान्य आहे. दुसरीचा खुलासा पुढे केला आहे. तिसरी वाचून दाखवली तेव्हा अर्जदार मोठ्याने हसली, हेही नमूद करावे.

२. सदर जागा पूर्वी अर्जदाराच्या सासरची. ती राजीखुशीने विकली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र व्यवहाराच्या वेळी कंपनीची माणसे घरच्या ओट्यावर बसून म्हणाली होती, की एकही जुने झाड तुटणार नाही, जंगल हीच आमची पुंजी. तेच वाक्य आज कंपनीच्या फाटकावर हिरव्या रंगात लिहिले आहे. अर्जदार त्या फाटकासमोर चहा व मक्याची कणसे विकते, त्यामुळे ते तिला रोज वाचावे लागते.

३. या उन्हाळ्यात कंपनीने वरच्या अंगाला 'जैवविविधता उद्यान' करायला घेतले. त्यात सिमेंटचा बिबट्या, फायबरचा धनेश पक्षी आणि पाहुण्यांना फोटो काढण्यासाठी व्यासपीठ असा बेत होता. व्यासपीठाच्या आड जुना बेहडा येत होता, आणि त्या बेहड्याच्या ढोलीत खऱ्या धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. ही मादी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. तिची पिसे झडलेली असतात, तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणून भरवतो. झाड पडले असते तर ती आतल्या आत मेली असती.

४. झाड कापायला लोणावळ्याचे इकबाल शेख मशीन घेऊन आले. अर्जदार रखवालदाराला न जुमानता फाटकातून आत धावली आणि सुपरवायझर निलेश यांना म्हणाली, "आरं, आत बाळंतीन हाय. पिल्लं उडून जाऊंद्यात, तवर थांब की." निलेश म्हणाले, "मावशी, उद्घाटनाची तारीख ठरलीय. आता काय पक्ष्याला विचारून काम करू?" तोडीची परवानगी दाखवा म्हटल्यावर ती ऑफिसात आहे, असे उत्तर मिळाले. तेवढ्यात नर फांदीवर येऊन बसला. त्याच्या चोचीत उंबर होते. माणसे पाहून तो पुढे येईना आणि फळही टाकेना. इकबाल यांनी बराच वेळ वर पाहिले. मग मशीन बंद केले. "माझी लेक बाळंतपणाला घरी आलीय, साहेब. हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही," असे म्हणून ते निघून गेले. याला कंपनी चिथावणी म्हणते. अर्जदार त्यांच्याशी एक शब्दही बोललेली नव्हती.

५. कंपनी दुसरा माणूस आणणार हे कळताच अर्जदार टपरी बंद करून, घोंगडी घेऊन बेहड्याच्या बुंध्याशी जाऊन बसली. अर्जदाराचा मुलगा पवन त्याच कंपनीत ड्रायव्हर होता. त्याला बोलावून आईला उठवण्यास सांगण्यात आले. तो येऊन म्हणाला, "आये, ऊठ. माजी नोकरी जाईल."

"जाईल रं. ठावं हाय मला," अर्जदार म्हणाली, आणि उठली नाही. मुलगा वळून गेला तेव्हा त्याला हाक मारावीशी वाटली, पण हाक मारली तर आपण उठू, या भीतीने तिने मारली नाही. मुलाची नोकरी गेली. तो कितीतरी दिवस आईशी बोलला नाही, मात्र तिची भाकरी रोज तोच आणून ठेवायचा. पुढे गावातल्या बायाही आळीपाळीने येऊन बसू लागल्या.

६. यथावकाश मादी बाहेर पडली, मागाहून पिल्लेही उडाली. कंपनीने त्यांचे फोटो काढून 'आमच्या संवर्धनाला यश' असे छापले. कंपनीच्याच एका कामगाराने आणून दिलेल्या मूळ फोटोत खाली अर्जदार बसलेली आहे. छापताना तिला कापले.

७. त्यानंतर कंपनीच्या पर्यावरण अधिकारी माधवी मॅडम घरी आल्या. अर्जदाराने माफीनाम्यावर सही केल्यास तक्रार मागे घेऊ, पवनला परत कामावर घेऊ आणि अर्जदाराला गणवेश देऊन 'पक्षीमित्र' नेमू, असे त्या म्हणाल्या. झाडाचे विचारल्यावर म्हणाल्या, "आता ढोली रिकामीच आहे ना?" अर्जदाराला राग आला नाही. तिने फक्त मुलाकडे पाहिले, कारण नोकरी त्याची गेली होती. पवनने कागद उचलून मॅडमच्या हातात परत दिला. "आई तवा उठली न्हाई. आता मी कशाला वाकवू तिला?"

८. महोदय, धनेश त्याच ढोलीत पुन्हा येतो. माणूस कामानिमित्त परगावी गेला म्हणून त्याचे घर कोणी पाडत नाही. कंपनीने जंगल दाखवून पाहुणे आणावेत, त्याला ना नाही. पण ज्याच्या नावावर धंदा करायचा त्याच्याच मुळावर मशीन लावायचे, आणि आड येईल त्याने माफी मागायची, हे अर्जदाराला मान्य नाही. सबब, अर्जदार माफी मागणार नाही. आज नाही, तक्रार कोर्टात गेली तरी नाही. झाडतोडीस आपण लेखी मनाई करावी, कंपनीची परवानगी मागवून तपासावी, आणि गुन्हा नोंदवायचाच असल्यास त्यात 'समजून उमजून केला' असे स्पष्ट लिहावे.

९. आपल्या पत्रात अर्जदाराने समक्ष हजर राहावे असे म्हटले आहे. ते जमत नसल्याबद्दल दिलगिरी आहे. आज सकाळी कंपनीने पुन्हा मशीन आणले असून अर्जदार व गावच्या बाया झाडाखाली बसल्या आहेत. हा अर्जही तिथेच बसून लिहिला आहे व पवनच्या हाती पाठवत आहोत. अर्जदाराला येता येणार नाही. आपणच यावे. बसायला घोंगडी आहे.

आपली नम्र, परंतु न उठणारी,
(सही) भामाबाई कैलास मालपोटे

लिहिणार : सारिका पवन मालपोटे
ठिकाण : बेहड्याखाली, मौजे औंढे
दिनांक : ११ जुलै २०२५

सोबत : कंपनीने छापलेला फोटो, व न कापलेला मूळ फोटो.