सरासरी ठीक आहे

गुरुवार, रिसाली

जावईबापू मोठ्या बँकेत साहेब आहेत. आज जेवता जेवता मले समजावून राहिले, "बाबा, घाबरू नका. बुडीत कर्ज झेलायला बँकांकडे स्वतःचं भांडवल किती, ते प्रमाण देशभरात मजबूत आहे."

मी म्हटलं, "मंग तुमच्या सासूबाईच्या बँकेले तीन दिवसांपासून कुलूप कावून?"

"अशी एखादी निघतेच, बाबा. सरासरी पाहायची."

सरासरी! वाढता वाढता हिचा हात थांबला. हिची शिलाईची सारी कमाई त्या कुलपामागं अडकली आहे.

मी पोलाद कारखान्यात होतो तवा ब्लास्ट फर्नेसवर आमाले भट्टीच्या पत्र्याचं तापमान जागोजागचं वेगळं लिहा लागे. एकानं आळसापायी साऱ्यायची सरासरी काढून लिहिली. सरासरी ठीकच होती. एका जागी पत्रा लाल झाला होता, तो कोणाले दिसलाच नाही. त्याले चार्जशीट भेटली. या बँकवाल्यायले प्रमोशन भेटते!

हे तोंडावर बोलाचं होतं. पण जेवत्या जावयाले कोण बोलते? ही माह्याकडे पाहूनच राहिली होती, की मी आता काही बोलीन. कुलूप मीच तोंडाले लावलं.

वरून हिलेच म्हटलं, "जावईबापूले आणखी भात वाढ."