ओटीवरचा फोन

हरसूल, ३ जून २००३

ती. अमोलमामास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. गावच्या नव्या इंटरनेट केंद्राचा कॉम्प्युटर आपल्या मागच्या खोलीत बसवला, पण इंटरनेट लागत नाही. मोडेमच्या कार्डापुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. फोन लावला की कधी ६९२ नंबरची चूक येते, कधी ६८०.

चौदा मुलींचे वसतिगृहाचे अर्ज सोळा तारखेच्या आत याच केंद्रातून ई-मेलने जायला हवेत. वसतिगृहाची संस्था कागदी अर्ज घेत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवते आणि त्यांच्या आयांना शब्दही देऊन बसले आहे.

पत्र लिहिते, कारण फोनवर माझा विश्वास नाही. मागच्या खोलीतून तुमच्याशी बोलत असले की मध्येच खट् वाजतं. मला चुलत्यांच्या हर्षलची शंका येते. त्याचा एसटीडी बूथ आहे, केंद्र चाललं तर त्याचं गिऱ्हाईक तुटेल. परवाच मोडेमवरून हसत विचारत होता की तुझी कोंबडी ओरडायला लागली का.

तुमच्या गंगापूर रोडच्या दुकानातून दोन ओळी लगेच पाठवा. माया आहेच, उपायही हवा.
तुमची वैष्णवी

नाशिक, ६ जून

चि. वैष्णवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी बहुधा दुसऱ्याच कार्डाची आहे. सोबतच्या फ्लॉपीतला ड्रायव्हर टाक, आधी जुना काढ. मशीन बंद करून कार्ड उपस, त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरव आणि शेजारच्या खाचेत घट्ट बसव. ६८० म्हणजे त्याला डायल टोन ओळखता येत नाही. 'टोनची वाट पाहा' ही खूण काढून टाक.

हर्षलला लगेच चोर ठरवू नकोस. कोंबडीचं मात्र त्याने बरोबर ओळखलं, लाईन लागताना मोडेम तसाच किंचाळतो. ताईला नमस्कार सांग. जेवत जा.
तुझा मामा

हरसूल, ११ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पिवळं चिन्ह गेलं, ६९२ गेलं, ६८० गेलं. आता इंटरनेट लागतं आणि मिनिटाभरात तुटतं. नवा नंबर ६२९. खोलीत धूळ येऊ नये म्हणून दार लावून बसते, कार्ड दोनदा पुसलं, तरी तेच.

काल आठवडी बाजार होता. घरचे सगळे बाजारात, हर्षलचा बूथही बंद. मशीन तासभर एकदाही तुटलं नाही! अर्ज भरून झाले नव्हते, म्हणून नुसती चाचणी घेतली. आता तुम्हीच सांगा, तार कोण छेडतंय? पुढचा बाजार सतराला, म्हणजे मुदत संपल्यावर. हर्षलविरुद्धचा तक्रार अर्ज सोबत आहे, टेलिफोन कार्यालयात द्या. रागावू नका, मी अन्याय सोसणार नाही.
तुमची वैष्णवी

हरसूल, ११ जून

मेव्हणे अमोलराव यांना धोंडीरामचा रामराम. केरू पोस्टमनच्या हातून लिवून घेतो. मी सांगतो तसंच तो लिवतो.

पोरगी कॉम्प्युटरच्या नावाखाली दार लावून बसते. म्हणते नाशिकशी लाईन जोडते. नाशिकला कोन हाय ते सांगत नाय. आधी तुमच्याशी बोलते म्हणायची, म्हून मी ओटीवरचा फोन उचलून ऐकायचो. आवाज तुमचाच असायचा. आता उचलला की तिकडचा माणूस लय किंचाळतो आन् गप होतो. मला वळखलं असंल. रोज उचलतो, रोज तेच. पोरगं कोन हाय, कोनाचं हाय, तपास करा. तसलं काय निघालं तर मशीन वापस आन् पोरीचं लगीन. शिकवली मीच, म्हून मलाच घोर. तिला यातलं बोलू नका, शपथ हाय.
आपला धोंडीराम

नाशिक, १३ जून

चि. वैष्णवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रात ड्रायव्हरचं काही नाही. अर्ज पाठवताना दार उघडं ठेव. दाजींना शेजारी खुर्ची दे, एकेका मुलीचं नाव वाचून दाखव आणि पाठवायचं बटण त्यांनाच दाबू दे. का ते विचारू नकोस. तुझा तक्रार अर्ज माझ्या खणात आहे, तिथेच राहील.
तुझा मामा

हरसूल, १६ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल चौदाही अर्ज गेले.

बाबा टोपी गुडघ्यावर ठेवून ताठ बसले होते. मोडेम किंचाळला तसे दचकून उठले आणि विचारू लागले की हाच का तो माणूस. कुठला माणूस, मी विचारलं. ते ओटीवरच्या फोनकडे बघत राहिले. त्याच तारेवरचा तो फोन माझ्या मनातच आला नव्हता, मामा. बावीस मिनिटं लागली, एकदाही तुटलं नाही. मुलींची नावं ऐकून ते प्रत्येकीच्या बापाचं नाव सांगत होते. शेवटचं बटण दाबल्यावर खाली बघत त्यांनी सगळं कबूल केलं.

मी रात्री जेवले नाही. पदवी मिळाली तेव्हा गावभर पेढे वाटणारे हेच ना? आज सकाळी बघते तर रिसीव्हर सुतळीने बांधलेला. मशीन चालू असेपर्यंत आईलाही हात लावू देत नाहीत.

हर्षलकडे जाऊन सांगितलं. त्याने चहा पाजला आणि माफी नको म्हणाला, फक्त ही गोष्ट बूथवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे. तो तक्रार अर्ज फाडा.

आणि तुम्हाला आधीच माहीत होतं ना? केरूकाका परवा दारात माझ्याकडे बघून उगीच हसले. यापुढे माझ्याबद्दल कुणी काही लिहिलं तर मला कळवा, शपथ घातली असली तरी.

दार आता उघडंच असतं. धूळ येते. रोज पुसते.

रागावले आहे, पण तुमचीच,
वैष्णवी